मिरवणुकीची शेपटी

शुक्रवार, रात्र

हात अजून खळीने चिकट आहेत, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय.

गेल्या वेळी वर्गात कार्निव्हल, म्हणजे वेशभूषेच्या मिरवणुकांचा उत्सव, म्हणून मी नुसते मुखवटे करून घेतले होते. रंग, पिसं, टिकल्या, चमकी. भिंत सुरेख सजली, पण मुलं त्यातून काय शिकली, हे मला सांगता येईना. ती रुखरुख वर्षभर राहिली. यंदा ब्राझीलमधल्या रिओच्या सांबा शाळांकडून एक गोष्ट उचलली. या शाळा म्हणजे वस्त्यावस्त्यांतली, कार्निव्हलमध्ये सांबा नाचत मिरवणूक काढणारी मंडळं. दरवर्षी प्रत्येक शाळा एक विषय ठरवते, मिरवणुकीचे ताफे पाडते आणि एकेक ताफा त्या कथेचा एकेक भाग वेशांतून सांगत जातो. वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांनी आखलेलं, 1984 साली सुरू झालेलं तिथलं सांबाड्रोम, म्हणजे या मिरवणुकीचा खास मार्ग, सुमारे 700 मीटर लांब आहे. तेवढ्या वाटेवर अख्खी कथा क्रमाने उलगडते. म्हणजे आधी कथा, मग पिसं!

आमची कथा जलचक्राची. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी असे पाच ताफे, प्रत्येकात सहा मुलं. वाफेवाल्यांनी तर मला थक्क केलं. वाफ डोळ्यांना दिसतच नाही, मग तिचा वेश कसा करायचा? दोन दिवस त्यांची खलबतं चालली होती. शेवटी त्यांनी पारदर्शक कागदाच्या लांब पट्ट्या खांद्यांना चिकटवल्या. चालू लागलं की त्या अलगद वर उचलल्या जायच्या.

मग गणित. 30 मुलं, दोघादोघांची ओळ, दोन ओळींत एक मीटर अंतर. मिरवणूक किती लांब? “15 मीटर,” एक मुलगी ठामपणे म्हणाली. खडूने खुणा करून मोजलं, तर 14 भरले. ओळी 15, पण मधली अंतरं 14. ती हिरमुसली.

तेवढ्यात नदीच्या ताफ्यातला एक मुलगा म्हणाला, “आम्ही शेपटीला का? आम्ही तर समुद्राला मिळतो ना!”

खरंच की. चक्राला कुठली आली शेपटी? सरळ रांग मोडली आणि नदीची शेवटची जोडी समुद्राच्या पहिल्या जोडीमागे मीटरभर अंतरावर येईल, असं मोठं रिंगण केलं.

ती मुलगी खडू घेऊन पुन्हा खाली बसली. एकेक अंतर मोजत सगळं रिंगण फिरली आणि तिथूनच ओरडली, “बाई, आता 15!”