अडीच वाजताचं ताट

बहिणीच्या लग्नाची तारीख फेब्रुवारीतली निघाली आणि घरात कामं वाटली गेली. सराफ बाजार आई आणि आत्याकडे, पत्रिका दादांकडे, जेवण माझ्याकडे. "तू क्वालिटीत आहेस ना, तूच बघ," दादा म्हणाले. मी नाशिकमध्ये अंबडला एका कारखान्यात आलेला माल तपासतो. म्हटलं, बोल्ट तपासतो तसं जेवणही तपासू.

पहिली ठेच लॉन्सवाल्यांकडे लागली. गंगापूर रोडला दोन जागा आवडल्या, पण केटरर त्यांचाच. बाहेरचा आणायचा तर रॉयल्टी भरा. शेवटी इंदिरानगरला साधं कार्यालय घेतलं, तिथे कुणीही चालत होता. टोकन द्यायच्या आधी हा प्रश्न विचारायचा असतो, हे आम्हाला चार चकरा मारल्यावर कळलं.

मग दर. एकाने 320 सांगितले, दुसऱ्याने 410, आणि मेनू वाचला तर दोन्हीकडे तोच: मसालेभात, बटाट्याची भाजी, अळू, पुरी, जिलेबी, मठ्ठा. फरक खालच्या बारीक अक्षरांत होता. 320 वाल्याचं पाणी वेगळं, वाढपी वेगळे, 5 टक्के जीएसटी वेगळा. सगळं धरलं तर तोच महाग पडत होता. अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर मागितला तेव्हा एक जण चक्क रुसला. "भाऊ, वीस वर्षं लग्नं करतोय, आम्हाला नंबर विचारता?" त्याला तिथेच नमस्कार केला.

टेस्टिंग मात्र सगळ्यांचंच झकास. वाफाळता मसालेभात, वर काजू, साजूक तुपाची धार. आई दोन्ही ठिकाणी खूश. माझंच मन घेईना. आमच्याकडे सप्लायर पहिला नग असाच घासूनपुसून पाठवतो. लॉट उतरला की खरं कळतं. म्हणून दोघांनाही विचारलं, "या आठवड्यात तुमचं लग्न कुठे आहे? अडीचला येऊन बघू का?" अडीचच का, तर तोवर पाहुणे जेवून झालेले असतात आणि घरची माणसं ताट घ्यायला येतात.

पहिल्याचं काम नाशिकरोडला होतं. आत्याला सोबत नेलं. पुऱ्या बाराच्या आधीच तळून टोपल्यात भरलेल्या, हातात घेतली तर चामडं. आमच्या डोळ्यांदेखत एका पोराने मठ्ठ्याच्या पिंपात बर्फाची लादी सोडली आणि मागून बादलीभर पाणी. मालक दुसऱ्या लग्नात. मुलीचे वडील स्वतः रिकामी वाटी घेऊन जिलेबी विचारत फिरत होते. आत्या एवढंच म्हणाली, "चल रे."

दुसरा पंचवटीतला. त्याच्याकडे अडीचलाही कढई चालू होती, पुऱ्या थोड्या थोड्या उतरत होत्या. मसालेभाताची दोन पातेली, दुसरं पावणेदोनला उघडलं म्हणे. हे काका स्वतः ताटांच्या थप्प्यांजवळ स्टूल टाकून बसलेले. तरी आमचं नक्की झालं ते भरतावरून. व्याही जळगावचे; त्यांनी देणंघेणं काही मागितलं नाही, फक्त "भरीत असू द्या" म्हणाले. बाकी सगळे "करू की" म्हणून मोकळे झाले होते. काका म्हणाले, "मी नाही करणार. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजावी लागतात. गॅसवर भाजलेलं तुमचे व्याही एका घासात ओळखतील. तिकडचा माणूस आणा, जागा आणि भांडी मी देतो." नाही म्हणणारा केटरर मला हा एकच भेटला.

कागदावर काय लिहून घेतलं ते सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात. 400 ताटांची हमी, वर 40 पर्यंत त्याच दराने. मोजणी ताटांची, दोन्हीकडचा एकेक माणूस बसवून. आमच्याकडून मामा, खिशात पेन, मांडीवर वही. पोरांनी गोडासाठी घेतलेलं दुसरं ताट धरायचं नाही, हेही लिहिलं. काका हसले, पण सही केली. आगाऊ रक्कम थोडीच दिली, बाकी हिशेब झाल्यावर.

मुहूर्त 12:35 चा. भरताचा माणूस सकाळी सहाला वांगी घेऊन हजर, आणि अकरापर्यंत कार्यालयामागे धूरच धूर. मॅनेजर दोनदा ओरडून गेला. भरतात कांद्याची पात, शेंगदाणे, हिरव्या मिरचीचा ठेचा. व्याह्यांनी तीनदा घेतलं, आमच्याकडच्या अर्ध्या लोकांना तिखट लागलं.

मोजणीत मामांचे 437, काकांचे 441. चार ताटांवरून दोघांनी पाच मिनिटं वही चाळली, मग काकांनीच 437 वर रेघ मारली.

मी बरोबर अडीचला ताट घेतलं. पुऱ्या गरम होत्या. मठ्ठा संपला होता.