चाव्यांचा जुडगा

नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी आमच्या धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या परिसरातल्या ख्रिस्ती समाजाचं, मंडळ चर्चच्या सेवकांचा मेळावा भरवतं. २ तारखेला मृतांचा दिवस झालेला असतो, कबरींवरचा झेंडू अजून पुरता सुकलेला नसतो. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), स्वागत, अहवाल, शाल-श्रीफळ हे सगळं ठरल्याप्रमाणे होतं. त्यानंतर जे होतं, त्यासाठी मी वर्षभर थांबतो.

एका वर्षी फादरांनी प्रवचनात बायबलमधल्या दुर्कसची गोष्ट सांगितली. यापो गावची ती बाई गोरगरिबांसाठी कपडे शिवायची. ती वारली तेव्हा विधवा रडत येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती जमल्या आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. तेव्हापासून आमच्याकडे प्रथा पडली : गेल्या वर्षभरात वारलेल्या सेवकाच्या घरच्यांनी त्याच्या हातची एक वस्तू घेऊन यायचं आणि तिच्याबद्दल बोलायचं.

घंटावाल्या काकांच्या सुनेने चाव्यांचा जुडगा आणला होता. मोठ्या चावीचं डोकं झिजून गुळगुळीत झालेलं, आणि हाताला रुतू नये म्हणून त्याला काकीच्या लाल लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. पावसाळ्यात डोक्यावर गोणपाट घेऊन काका पहाटेची घंटा द्यायला निघायचे. शेवटच्या आजारपणातही संध्याकाळ झाली की विचारायचे, "घंटा झाली का गं?" एवढं सांगून ती गप्प झाली. मंडपात कुणी हललं नाही.

काकांना हयातीत शाल मिळाली नाही. मी तेव्हा समितीत होतो. "पुढच्या वर्षी बघू" म्हणणाऱ्यांत मीही होतो. वसईच्या संत गोन्सालो गार्सियांनी १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर प्राण दिले, संतपद मिळालं १८६२ मध्ये. संतांना थांबणं जमतं, पण घंटा देणाऱ्या माणसाला आपण का थांबवावं? वसईचेच लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आम्हाला घरचं लग्न असल्यासारखं वाटलं होतं. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांचा मान त्यांच्या डोळ्यांदेखत झाला, याचं फार समाधान आहे. तसं आपल्या साध्या माणसांचंही व्हावं.

एक सल मात्र आहे. जेवणाच्या चार पंगती उठतात आणि दुपारी कबरस्तानात प्रार्थनेला जेमतेम वीस माणसं येतात. तरुणांनी तरी यावं.

मंडपवाले भाऊ, कॉयरची मुलं, पहाटेपासून पिठाचे फुगे तळणाऱ्या मावश्या, इंद्यालच्या (मसालेदार मांसाहारी रश्श्याच्या) टोपापाशी उभे राहिलेले वाडीतले तिघे भाऊ, मानपत्रं सुंदर अक्षरात लिहून देणाऱ्या सिस्टर, आदल्या दिवशी कबरींवरचं गवत काढणाऱ्या महिला, ऐन वेळी जनरेटर आणून देणारा शेजारचा मुलगा, खुर्च्या मोजून परत करणारे दोघे, या सगळ्यांचे आभार. पाण्याचे पिंप भरणाऱ्या आजींचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं राहिलं, त्याची रुखरुख अजून आहे.

यंदा पहिली शाल धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंना दिली. माझ्या पिढीला क्रुसाची खूण करायला त्यांनीच शिकवलं. दुपारी त्या शाल खांद्यावर तशीच घेऊन कबरस्तानात आल्या आणि काकांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला वाकल्या. समुद्राकडून वारा येत होता, वात धरत नव्हती. बाईंनी शालीचं टोक पुढे ओढून आडोसा केला, आणि ज्योत स्थिर होईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.