लॅपटॉपवरचे स्क्रीनशॉट आपोआप क्लाउडमध्ये: माझा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टर्किश टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी गेली ९ वर्षे हिशेब आणि डिस्पॅचचे काम पाहते. माल निघाला की बिल, ई-वे बिल (माल वाहतुकीसाठीचे जीएसटीचे ऑनलाइन कागदपत्र) आणि बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती) यांचा मेळ घालायचा आणि मग खरेदीदाराच्या पोर्टलवर गाठींची संख्या, डझन व वजन भरायचे, असा रोजचा क्रम आहे. आमच्या एका मोठ्या परगावच्या खरेदीदाराच्या पोर्टलवर नोंद पूर्ण झाली की पडद्यावर पोच क्रमांक उमटतो. तो ईमेलने येत नाही आणि पान एकदा बंद केले की पुन्हा दिसत नाही. त्यामुळे त्या पानाचा स्क्रीनशॉट हीच आमच्याकडची पावती ठरते.

गेल्या वर्षी मे महिन्यात, दुपारी ऑफिसमध्ये बसवत नाही अशा उन्हाच्या दिवसांत, माझ्या लॅपटॉपची डिस्क अचानक बंद पडली. बिले टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये होती आणि टॅलीचा बॅकअप मी दर शनिवारी नेमाने पेन ड्राइव्हवर घेत असे. स्क्रीनशॉटचा मात्र कधी विचारच केला नव्हता, कारण ते कागदपत्र आहेत असे मनाने धरलेलेच नव्हते. जूनमध्ये त्या खरेदीदाराने पाच बिलांच्या मालाची नोंद मुदतीनंतर झाली असे सांगून रक्कम रोखली, आणि नोंद वेळेत केल्याचा पुरावा त्या बंद डिस्कमध्ये अडकून पडला. मालक मला एवढेच म्हणाले, “ताई, कागद हरवला तर कपाट तरी उपसता येते. हे कुठे शोधायचे?” त्या प्रश्नाने मला फार लागले. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट मनाशी धरली, की स्क्रीनशॉट सुरक्षित जागी पोचणे माझ्या आठवणीवर अवलंबून राहता कामा नये.

नवा लॅपटॉप विंडोज ११ चा आला. त्यात वनड्राइव्ह, म्हणजे फाइली इंटरनेटवर (क्लाउडमध्ये) साठवण्याची मायक्रोसॉफ्टची सेवा, आधीपासूनच होते आणि त्याच्या सेटिंगमध्ये, ‘सिंक अँड बॅकअप’ या भागात, स्क्रीनशॉट वनड्राइव्हमध्ये जतन करण्याचा एक पर्याय आहे. तो चालू करताना मी त्याच ठिकाणचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांच्या बॅकअपचा पर्यायही चालू केला. अधिक सुरक्षित झाले तर बरेच, असे वाटले. पिक्चर्समध्ये टॉवेलच्या डिझाइनचे जुने मोठे फोटो होते. मोफत मिळणारी जागा ५ जीबी. ती आठवड्याभरात भरली आणि नवे स्क्रीनशॉट वर जाणे थांबले. घड्याळाजवळच्या ढगाच्या चिन्हावर तशी सूचना दिसत होती, पण सहा दिवस माझे तिकडे लक्ष गेले नाही. पुढे बॅकअप बंद केला तेव्हा पिक्चर्स फोल्डर रिकामे दिसू लागले आणि माझ्या पोटात गोळाच आला. प्रत्यक्षात सर्व फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात जशाच्या तशा होत्या, फक्त त्यांची जागा बदलली होती. हा बदल करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते की रिकामे फोल्डर पाहून घाईने काही पुसू नये, आधी वनड्राइव्हच्या फोल्डरात पाहावे.

त्यानंतर मी बसून हिशेब मांडला. माझे दिवसाला साधारण ४० स्क्रीनशॉट होतात आणि एक सरासरी ३०० केबीचा असतो, म्हणजे दिवसाला १२ एमबी, कामाच्या २५ दिवसांना ३०० एमबी आणि वर्षाला सुमारे ३.६ जीबी. ५ जीबीत एक वर्ष निघाले असते, पण दुसरे पूर्ण निघाले नसते, म्हणून मी गूगलकडे पाहिले. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, त्यामुळे रोजच्या ईमेलने भरलेले माझे स्वतःचे खाते उपयोगाचे नव्हते. शिवाय कारखान्याचा पुरावा माझ्या खासगी खात्यात असणे मला मुळातच योग्य वाटत नव्हते. उद्या मी नोकरी सोडली तर तो माझ्याबरोबर जायला नको. म्हणून कारखान्याच्या नावाने गूगलचे वेगळे खाते उघडले, दोन टप्प्यांची पडताळणी लावली आणि खाते परत मिळवण्यासाठी मालकांचा मोबाइल क्रमांक दिला.

प्रत्यक्ष जोडणी तासाभराचीच होती. गूगल ड्राइव्हचा डेस्कटॉपसाठीचा प्रोग्राम बसवला, त्याच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपच्या नावाखाली ‘अ‍ॅड फोल्डर’ निवडून पिक्चर्समधील स्क्रीनशॉट्स हे एकच फोल्डर जोडले. तेथे दोन पर्याय येतात: ड्राइव्हशी सिंक करणे (लॅपटॉपवरचे आणि ड्राइव्हवरचे फोल्डर सतत सारखे ठेवणे) किंवा गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेणे. मी पहिला घेतला, कारण मला फाइल तिच्या नावावरून शोधायची असते. फोल्डर जोडल्यावर मोबाइलवर ‘माय ड्राइव्ह’ उघडले, तर तेथे काहीच नाही. अर्धा तास मी तेच तेच तपासत राहिले. असे जोडलेले फोल्डर ‘माय ड्राइव्ह’मध्ये येत नाही, ते ‘कॉम्प्युटर्स’ या वेगळ्या भागात लॅपटॉपच्या नावाखाली दिसते, हे कळल्यावर सर्व काही जागेवर सापडले.

आता राहिली कळांची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाची तीच आहे. फोल्डर क्लाउडला जोडलेले असले तरी स्क्रीनशॉट त्या फोल्डरात पडलाच नाही तर सारे व्यर्थ. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबल्या की संपूर्ण पडदा थेट स्क्रीनशॉट्स फोल्डरात जतन होतो, पण त्या फाइलीला नुसता अनुक्रमांक मिळतो. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबले की हवा तेवढाच भाग निवडता येतो. जुन्या लॅपटॉपवर हा भाग केवळ क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेले तात्पुरते राहते त्या जागी, राहत असे आणि पुढचे काही कॉपी केले की नाहीसा होत असे. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये मूळ स्क्रीनशॉट आपोआप जतन करण्याचा पर्याय आहे. तो चालू असल्याची खात्री करून घेतली की प्रत्येक चौकोन फाइल होऊन पडतो आणि तिच्या नावातच तारीख व वेळ असते, उदाहरणार्थ ‘स्क्रीनशॉट २०२५-०६-१२ ११४५३२’, म्हणजे १२ जून, सकाळी ११ वाजून ४५ मिनिटे ३२ सेकंद. मुदतीच्या वादात मला नेमके हेच हवे होते. पोच क्रमांकाभोवती मी लाल गोल काढते, पण तो गोल असलेली प्रत वेगळी जतन करावी लागते. आपोआप जाते ती मूळ प्रत. पुरावा म्हणून मूळ प्रतच बरी, असे माझे मत आहे. फाइलीच्या नावापुढे मी बिल क्रमांक तेवढा जोडते.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम परीक्षा घेतली. पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेतला आणि मोबाइलवर डोळे लावून बसले. काही सेकंदांत तो दिसला. मग इंटरनेट बंद करून तीन स्क्रीनशॉट घेतले. ते लॅपटॉपवरच थांबले आणि नेट सुरू होताच माझ्या हाताशिवाय वर गेले. आमच्याकडे वीज गेली की राउटरही बंद होतो, त्यामुळे ही खात्री करून घेणे आवश्यक होते. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ड्राइव्हच्या चिन्हावर एकदा क्लिक करून सर्व फाइली गेल्याचे पाहते. त्या सहा दिवसांनी ही सवय लावली.

दोन गोष्टींची काळजी मी फार कसोशीने घेते. पहिली अशी, की जे आपोआप जाते ते सर्वच जाते. कामगारांचे आधार क्रमांक आणि बँकेतील शिल्लक यांचाही चुकून स्क्रीनशॉट निघू शकतो, आणि आमच्यावर विश्वासाने दिलेली माहिती अशी पडून राहणे बरोबर नाही. म्हणून पूर्ण पडदा न घेता हवा तेवढाच चौकोन घेते, नको ते त्याच दिवशी काढून टाकते आणि फोल्डरची लिंक कोणालाही देत नाही. मागितली ती एक प्रत पाठवते. दुसरी अशी, की सिंक म्हणजे बॅकअप नाही. लॅपटॉपवरून फाइल पुसली की ती ड्राइव्हवरूनही जाते आणि तेथील ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. त्यामुळे दर महिन्याच्या १ तारखेला मागील महिन्याच्या सर्व फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवते आणि ती डिस्क मालकांच्या कपाटात ठेवते.

बंद पडलेली जुनी डिस्क त्याच कपाटात, बिल्ट्यांच्या फायलीशेजारी आहे. रोखलेल्या पाच बिलांपैकी तीन बिलांचे स्क्रीनशॉट मी त्या वेळी मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, ते सापडले आणि ती रक्कम जमा झाली. उरलेल्या दोन बिलांचे येणे अजून बाकी आहे.