कोळिष्टकं राहू द्या

हमिंगबर्ड परसदारी यावा असं वाटलं की माणूस आधी दुकानात जातो. लाल झाकणाची, प्लॅस्टिकची फुलं चिकटवलेली बाटली घेतो आणि शेजारच्या फळीवरचं लालभडक तयार सरबतही उचलतो. बाटली ठीक आहे. सरबत मात्र होतं तिथेच परत ठेवून यावं. घरातली पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या, एवढाच मामला. या पक्ष्यांच्या आवडत्या फुलांतला मधुरसही साधारण इतकाच गोड असतो. रंग नको, मध नको (त्यात बुरशी लवकर धरते), आणि गूळ तर नकोच. हे शेवटचं सासूबाईंच्या गळी उतरवणं जड गेलं. पांढरी साखर म्हणजे विष, असं व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाचणाऱ्या बाईने दारी आलेल्या पाखराला तेच विष घालायचं म्हणजे काय! पण गुळातलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, बाटली ब्रशने घासायची. आंबलेलं पाणी देण्यापेक्षा न दिलेलं बरं. मुंग्या येऊ नयेत म्हणून बाटलीच्या वर पाण्याची छोटी वाटी टांगतात. आजोळी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे, तीच युक्ती.

आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. न्यू जर्सीतली आमची मंडळी एप्रिल उजाडला की त्यांच्या लाल कंठाच्या हमिंगबर्डची वाट बघत बसतात. तो हिवाळा मध्य अमेरिकेत काढतो आणि परतताना त्यांतले कित्येक मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, न थांबता 800 किलोमीटर. आमच्याकडचा अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारमाही. 1829 साली रने लेसन या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने रिव्होलीच्या अ‍ॅना नावाच्या डचेसवरून त्याचं नाव ठेवलं. वजन 4-5 ग्रॅम, म्हणजे चहात घालतो त्या चमचाभर साखरेइतकं. नराचं डोकं आणि गळा एरवी काळपट, कळकट दिसतो. मान जराशी वळली, ऊन नेमक्या कोनातून पडलं की तोच गळा राणी रंगात पेटून उठतो. पुढच्या क्षणी पुन्हा काळा. तो रंग पिसाच्या बारीक रचनेवरून उजेड परततो त्यातून येतो, म्हणून उजेडाचा कोन बदलला की रंगही गेला.

फोटो पाहून वाटतं, किती नाजूक, किती गोड जीव. स्वभाव विचाराल तर अतिशय भांडकुदळ. आमच्याकडचा नर लिंबाच्या शेंड्यावरच्या एका वाळक्या काटकीवर बसतो आणि तिथून बाटलीवर डोळा ठेवतो. स्वतः जेमतेम दोन घोट पितो, पण दुसरा कुणी आला की चिरचिर करत असा अंगावर जातो की आलेला कुंपणापार. बाटली आमची, साखर आमची, आणि हक्क याचा! उपाय म्हणून काहीजण दोन बाटल्या एकमेकींना दिसणार नाहीत अशा घराच्या दोन बाजूंना लावतात. तिकडची राखताना इकडची सुटते.

मादीला दाखवायची त्याची तऱ्हा आणखी वेगळी. सरळ वर जातो, ठिपका होतो, मग तिथून खाली झेपावतो आणि अगदी तळाशी एक तीक्ष्ण ‘टीक्’ ऐकू येतं. हा आवाज गळ्यातून निघतो की आणखी कुठून, यावर बरीच चर्चा झाली. 2008 साली बर्कली विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की तो शेपटीच्या कडेच्या पिसांचा आहे. वेगाच्या वाऱ्यात ती थरथरतात आणि वाजतात.

चवीची गंमत त्याहून मोठी. बहुतेक पक्ष्यांत गोड ओळखणाऱ्या यंत्रणेतला एक दुवाच नाही. मग हे महाशय साखरेवर जगतात कसे? 2014 साली उलगडा झाला: मांसाच्या रश्श्यातली जी चव असते ती ओळखणारी यंत्रणाच यांच्या पूर्वजांत बदलत बदलत गोडावर आली.

पुण्याहून आलेले पाहुणे हमखास म्हणतात, “हा तर आपला शिंजीर!” दिसायला, फुलावर यायला सारखा आहे खरा. पण शिंजीर चिमण्यांच्या मोठ्या गणातला, आणि हमिंगबर्डचं जवळचं नातं पाकोळीशी. आज हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, साडेतीनशेहून जास्त जातींचे. भारतातल्या बागेत ‘हमिंगबर्ड’ दिसल्याचे फोटो येतात ते बहुधा शिंजिराचे असतात, नाहीतर फुलासमोर तरंगणाऱ्या एखाद्या पतंगाचे.

पण बाटलीबद्दल मी फार बोलले. खरं तर ती वरकड आहे. साखरेच्या पाण्यावर उडता येईल, पण अंग धरायला, पिलं वाढवायला प्रथिनं लागतात, आणि ती चिलटांतून, बारक्या माश्यांतून, कोळ्यांतून येतात. त्यामुळे फवारणी बंद. केळीची सालं जाळीच्या टोपलीत घालून कोपऱ्यात टांगली की त्यांवर चिलटं घोंघावतात आणि पक्षी हवेतल्या हवेत ती टिपतात. हिवाळ्यात मॅन्झनिटाची घंटेसारखी फुलं येतात, वसंतात साल्व्हिया, उन्हाळा उतरताना कॅलिफोर्निया फुशिया. ही इथलीच झाडं, एकदा रुजली की फारसं पाणी मागत नाहीत.

आणि कोळिष्टकं. घरटं एकटी मादी बांधते; नराचा त्यात काडीचा हात नसतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या जाळ्यापाशी ती येते, हवेत थांबते, लांब चोच जाळ्यात घालून मान डावी-उजवीकडे फिरवते. रेशमाचा पुंजका चोचीला, गळ्याला चिकटतो, तशीच निघून जाते. वनस्पतींची लव आणि हे रेशीम मिळून 4 सेंटिमीटरभर रुंदीची वाटी तयार होते, बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेली. लांबीला दीड सेंटिमीटरही नसलेली दोन अंडी. पिलं वाढतात तशी कोळ्याच्या धाग्यामुळे वाटीही ताणत जाते. जाळी नसतील तर हे घरटं उभंच राहत नाही.

अडचण अशी की अ‍ॅनाज हमिंगबर्डची विणीची लगबग डिसेंबरपासूनच सुरू होते, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईच्या मागोमाग. सासूबाई तेव्हा इथेच असतात, आणि घराला जळमट म्हणजे अवदसा, हे त्यांचं ठाम मत. यंदा वाटणी झाली आहे. घराची पुढची बाजू त्यांची, मागच्या वळचणीला झाडू लावायचा नाही. आकाशकंदिलाची बोलणी अजून चालू आहेत, कारण त्याचा हूक मागच्या बाजूला आहे आणि त्यावर सध्या बाटली लटकते आहे.