कसोटीसाठी मोकळे आठवडे हवेत

फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला जो कसोटी संघ पाठवला, त्याचा कर्णधार नील ब्रँड त्याआधी एकही कसोटी खेळलेला नव्हता, कारण देशातील नावाजलेले बहुतेक खेळाडू त्याच सुमारास एसए२० या दक्षिण आफ्रिकेतील टी२० फ्रँचायझी लीगशी करारबद्ध होते. माउंट माँगानुईच्या पहिल्या सामन्यात न्यूझीलंडचा रचिन रवींद्र २४० धावा कुटत असताना या नवख्या कर्णधाराने स्वतः चेंडू हाती घेऊन पहिल्याच डावात ११९ धावांत ६ बळी मिळवले, तरीही आफ्रिका २८१ धावांनी हरली. ते आकडे वाचताना मला आजही वाईट वाटते.

लीगला दोष देणे मला पटत नाही. छोट्या क्रिकेट मंडळांना द्विपक्षीय मालिकांच्या प्रक्षेपणातून फारसे काही मिळत नाही आणि खेळाडूची कारकीर्द तर मोजक्या वर्षांचीच असते. म्हणूनच न्यूझीलंडचा वेगवान गोलंदाज ट्रेंट बोल्टने २०२२ मध्ये मंडळाचा करार सोडला, तेव्हा तो निर्णय मला चुकीचा वाटला नाही.

माझे मत असे की, लीगसाठी वर्षातील ठरावीक महिने द्यावेत, उरलेल्या काळात फक्त जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या कसोटी आणि जागतिक स्पर्धा ठेवाव्यात, आणि अर्थशून्य एकदिवसीय मालिका निःसंकोच वगळाव्यात. मात्र प्रक्षेपणाचे उत्पन्न पाहुण्या संघालाही वाटून दिल्याशिवाय हे वेळापत्रक टिकणार नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण आज ते यजमान मंडळाकडेच राहते.