माझ्या थीसिसचं संमतीपत्र

एमडीला प्रवेश मिळाला की पहिल्या सहा महिन्यांत विषय ठरवून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, विद्यापीठाला द्यायची असते. माझा विषय पीएसएमला (सामाजिक आरोग्याच्या विभागाला) आले त्याच आठवड्यात ठरला होता: ऊसतोड करणाऱ्या बायकांमधला ॲनिमिया, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं. मी बीडचीच. दसरा झाला की संसार ट्रॅक्टरवर लादून निघालेल्या टोळ्या लहानपणापासून बघितलेल्या. पुढे २०१९ मध्ये बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा मी एमबीबीएसला होते. तो आकडा डोक्यातून गेला नाही.

आकडेमोड सोपी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया होता. तो धरून आणि पाच टक्के चूक गृहीत धरून सूत्रात घातला की अभ्यासाला ३९८ बायका लागतात. विभागाच्या समितीने पंधरा मिनिटांत हो म्हटलं.

अडलं ते एथिक्स कमिटीपाशी, म्हणजे संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीपाशी.

या कमिटीत डॉक्टरांबरोबर एक वकील, एक समाजशास्त्राचा जाणकार आणि वैद्यकाशी संबंध नसलेली एक सामान्य व्यक्ती असावी लागते. अध्यक्षही संस्थेबाहेरचे असतात. आमच्याकडे ती सामान्य व्यक्ती म्हणजे एक निवृत्त शिक्षिका होत्या. मी सँपलिंगवरच्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. त्यांनी मराठी संमतीपत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “हे मोठ्याने वाचा बरं.”

मी वाचलं. “प्रस्तुत संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर कारण न देता माघार घेऊ शकता.”

“बाळा, ऐच्छिक म्हणजे काय हे तू त्या बाईला कसं सांगशील?”

मला पटकन सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: एखादीचं हिमोग्लोबिन सहा निघालं, तर आकडा लिहून घेऊन पुढच्या घरी जाणार का? माझ्या प्रोटोकॉलमध्ये ‘संदर्भित केले जाईल’ एवढंच होतं. कुठे, कुणाबरोबर, गाडीभाडं कोण देणार, यातलं काहीच नव्हतं.

प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत आला. पुढची बैठक दोन महिन्यांनी. मंजुरीचं पत्र हातात पडलं तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि माझी गावं रिकामी झाली होती. म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं तेवढी राहिलेली. आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत थांबायचं. तेव्हा फार रडले. कमिटीचा रागही आला होता, तो आज अजिबात नाही.

एप्रिलमध्ये लोक परतले. गावातल्या आरोग्यसेविका आशाताई मला पहिल्या घरी घेऊन गेल्या. ओसरीवर बसून मी नवं, सोपं केलेलं पत्र वाचून दाखवलं. त्या मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं. शाईचं पॅड पुढे केल्यावर मात्र हात पदराखाली घेतला.

“रगत घ्या बाई, त्याचं काय न्हाई. पर अंगठा कशापायी?”

त्या घरात अंगठा लागला होता तो मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या कागदावर, उचल (आगाऊ पैसे) घेताना. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर उचल, आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे. कागदावरचा अंगठा म्हणजे कर्ज. हे मला माहीत होतं आणि तरीही फॉर्म लिहिताना सुचलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

त्या दिवशी एकही नमुना घेतला नाही. आशाताई आणि चार बायकांबरोबर बसून पत्र नव्याने लिहिलं. ‘ऐच्छिक’च्या जागी आलं: “तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. नाही म्हटलं म्हणून दवाखान्यातल्या गोळ्या बंद होणार नाहीत.” आणि एक ओळ, जी कुठल्याच नमुना फॉर्ममध्ये नसते: “या कागदाचा उचलीशी, मुकादमाशी किंवा रेशनशी काही संबंध नाही.” मंजूर मजकूर परस्पर बदलता येत नाही, म्हणून तो पुन्हा कमिटीकडे. बदल किरकोळ असल्याने यावेळी बैठकीची वाट बघावी लागली नाही.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी. बाईला वाचता येत नसेल तर संमतीच्या वेळी लिहिता-वाचता येणारा त्रयस्थ साक्षीदार लागतो. पहिल्या चाळीस फॉर्मवर मी साक्षीदार म्हणून आशाताईंची सही घेतली. माझ्या गाइड मॅडमनी फॉर्म चाळले आणि विचारलं, “तुला घरं दाखवणारी, बायका गोळा करणारी बाई त्रयस्थ कशी?” ते चाळीस नमुने बाद केले, कमिटीला लेखी कळवलं आणि पुढे प्रत्येक वाडीत बारावी झालेली एखादी सून नाहीतर लेक शोधली. वेळ गेला, पण बायका त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारू लागल्या. मुकादमाला कळेल का? रक्त विकणार तर नाही ना?

तपासणी दोन मिनिटांची. अनामिकेला टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, पुढचा घ्यायचा. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया, आठच्या खाली तीव्र. एकीचं ५.८ निघालं. ती त्या सकाळी विहिरीवरून दोन खेपा पाणी आणून बसली होती. शिक्षिकाबाईंच्या प्रश्नामुळे माझ्याकडे ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांचा नंबर होता आणि गाडीचे पैसे बाजूला काढलेले होते. दुपारी ती दाखल झाली, तिला रक्त चढवावं लागलं.

संमतीपत्राची एक प्रत बाईकडे ठेवायची असते. बऱ्याच घरांत ती आधार कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत गेली.

शेवटच्या गावात एका तरुण बाईने पत्र दोनदा वाचून घेतलं, तीन प्रश्न विचारले आणि म्हणाली, “न्हाई द्यायचं मला रगत.” मी वहीत ‘नकार’ लिहिला आणि पुढच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणवाडीत आली, लोहाच्या गोळ्यांची पट्टी मागितली आणि माझ्या हातातून घेऊन गेली.