स्कायरिम, ४ जीबी रॅम आणि आईच्या दोन वाट्या

लॅपटॉप २०१३ चा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बाबांनी घेऊन दिलेला, तिसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डच्या नावाने बोंब, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलंच इंटेल एचडी ४०००. घेताना "अभ्यासासाठी" असं ठरलं होतं त्यामुळे तक्रार करायला तोंडच नव्हतं. त्यावर मी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाच्या सेलमध्ये स्कायरिम हा गेम घेतला. विचार असा की गेम २०११ च्या नोव्हेंबरचा आहे, म्हणजे लॅपटॉप त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी तरुण, चालेल की.

नाही चालला. ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये, सुरुवातीला आपले हात बांधलेले असतात आणि घोडागाडीतून हेल्गेन नावाच्या गावाला मान उडवायला नेत असतात. माझी गाडी एवढी अडकत अडकत चालली होती की मान उडायच्या आधी म्हातारपणानेच जाईन असं वाटलं. कोपऱ्यात स्टीमचा एफपीएसचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात तो, १२, १३, मध्येच ९.

मग मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले गेममधले बदल, शोधायला बसलो आणि लक्षात आलं की स्कायरिमचे मॉड म्हणजे बहुतेक सगळे नटवायचे. पाण्याला चमक, चेहऱ्याला तुकतुकी, भिंतीला ४के टेक्स्चर, म्हणजे वर चिकटवायचं बारीक तपशिलाचं चित्र. आणि मला पाहिजे होतं नेमकं उलटं, कोणीतरी घरात यावं आणि सामान बाहेर काढावं.

तसे लोकही आहेत, आणि गेम आल्यापासून आहेत. ही गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतोच. गेम आला तेव्हा त्याची एक्सई फाइल, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, बनवताना प्रोसेसरसाठीचं ऑप्टिमायझेशन नीट केलेलंच नव्हतं, त्यामुळे मार्कार्थ, व्हाइटरनसारख्या शहरात चांगल्या चांगल्या पीसींचं कंबरडं मोडायचं. तर २०११ च्या डिसेंबरमध्ये एका मॉडरने स्कायरिम ॲक्सिलरेशन लेयर नावाचा मॉड टाकला, त्याने काय केलं तर चालू गेममधली वारंवार बोलावली जाणारी छोटी छोटी फंक्शन्स जागच्या जागी सुधारली, आणि जिथे प्रोसेसर अडत होता तिथे ४० टक्क्यांपर्यंत फरक पडला. पुढे कंपनीने १.४ पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये, स्वतःच ते काम केलं आणि मॉडची गरज संपली. मी आलो तोपर्यंत हे सगळं आयतं मिळालेलं, तरी माझे ९ एफपीएस. म्हणजे दुखणं दुसरीकडे होतं.

पहिलं दुखणं सावल्या. डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्सच्या आत स्कायरिमप्रेफ्स नावाची आयएनआय, म्हणजे सेटिंग्जची, फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते, त्यात शॅडो डिस्टन्सची ओळ आहे. गेमच्या मेनूतून सावल्या एका मर्यादेखाली जात नाहीत पण इथे कोण विचारतंय, मी सरळ ० केलं. सगळी माणसं जमिनीपासून दोन बोटं वर तरंगल्यासारखी दिसायला लागली, आणि आकडा एकदम २० च्या पुढे. एक सांगतो, हे केल्यावर लाँचरमधलं ऑप्शन्स उघडू नका, तो सगळं पुन्हा आपल्या मनाने लिहून ठेवतो. मी दोनदा हात पोळून घेतला आणि मग फाइलच रीड-ओन्ली केली.

मग गवत. स्कायरिम आयएनआयमध्ये मिन ग्रास साइज असतं, २० चं ८० केलं की गवत विरळ होतं, मी तेही नको म्हणून पूर्णच बंद केलं. यूग्रिड्सच्या, म्हणजे आपल्याभोवतीचा किती भाग गेम पूर्ण लोड करतो त्या, ओळीला मात्र हात लावू नका, ५ आहे ते ५ च राहू दे, लोक ३ करायला सांगतात आणि मग क्वेस्ट, म्हणजे गेममधल्या कामगिऱ्या, अर्धवट लटकतात.

टेक्स्चरचं गणित मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. २०४८ पिक्सेलचं १०२४ केलं की मेमरी निम्मी नाही तर चौथाई होते, कारण लांबी पण अर्धी आणि रुंदी पण. आणि माझ्या लॅपटॉपला वेगळी व्हिडिओ मेमरी नाहीच, ग्राफिक्स त्याच ४ जीबीत तोंड घालणार. मूळची टेक्स्चर छोटी करून दिलेला मॉड टाकल्यावर शहरात शिरताना जो आचका बसायचा तो गेला. शिवाय स्कायरिम प्रोजेक्ट ऑप्टिमायझेशन टाकला, हा घरांच्या आणि गुहांच्या आत काम करतो, भिंतीमागची खोली दिसत नसतानाही गेम तिचं चित्र काढत बसतो तर हा त्याला सांगतो की बाबा तिकडचं काढू नकोस. दिसण्यात शून्य फरक.

झाडं हलकी करायला गेलो तिथे मात्र फजिती. मॉडमधली मेश, म्हणजे झाडांचे आकार, बरोबर गेली आणि टेक्स्चरचं फोल्डर चुकीच्या जागी पडलं, आणि टेक्स्चर सापडलं नाही की हा गेम ती वस्तू भडक जांभळी दाखवतो. फाल्क्रीथचं अख्खं रान नीलमोहर फुलल्यासारखं. खरं सांगू, दोन मिनिटं बघत बसलो. नशीब सगळं मॉड ऑर्गनायझर नावाच्या प्रोग्रॅममधून टाकलं होतं, तो गेमच्या मूळ फोल्डरला हात लावत नाही, टिक काढली की झाडं हिरवी.

रिझोल्यूशन १०२४ बाय ५७६ वर आणलं, १३६६ बाय ७६८ च्या मानाने पिक्सेल जवळजवळ निम्मे. अक्षरं अंधुक झाली पण आकडा २८, २९.

आणि मग सगळ्यात मोठी उडी मॉडने मारलीच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ४ जीबीची जुनी डीडीआर-३ रॅम आणली (पहिल्या दुकानदाराने डेस्कटॉपची काडी गळ्यात मारली, परत जावं लागलं). मला वाटलं जागा वाढेल एवढंच. पण दोन काड्या झाल्या की मेमरी ड्युअल चॅनलवर, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी, चालते, १६०० च्या रॅमला सेकंदाला १२.८ जीबीचा रस्ता २५.६ चा होतो, आणि आतलं ग्राफिक्स त्याच रस्त्यावर जगतं. गेममधल्या रिव्हरवुड गावात ३८. मी आधी हेच केलं असतं तर चार रात्री वाचल्या असत्या.

राहता राहिली उष्णता. अर्ध्या तासाने लॅपटॉप तापायचा, प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायचा आणि पुन्हा २०. यावर मॉड नाही. आईच्या आमटीच्या दोन वाट्या पालथ्या घालून मागची बाजू उचलली, खालून हवा खेळायला लागली, आकडा टिकला. रात्री जेवायला बसलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "सहातल्या दोन वाट्या गेल्या कुठे रे?" आणि मी मान खाली घालून ताटातच आमटी वाढून घ्यायचो.

गंमत म्हणजे ६० एफपीएसच्या वर गेलं की या गेमचं फिजिक्स बिघडतं, ताटल्या उडतात, ती सुरुवातीची घोडागाडीसुद्धा उधळते. तगडे पीसीवाले ते आवरायला खटपट करतात. आमच्याकडे हा आजार कधी आलाच नाही, श्रीमंतांचा आजार आहे तो.

असा १४० तास खेळलो. सावली नाही, गवत नाही, लांबचे डोंगर मळलेल्या कणकेसारखे.

गेल्या वर्षी बरा पीसी घेतला, पहिलं काम स्कायरिम टाकून सगळं अल्ट्रा, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगवर. सुंदर दिसतो, वाद नाही. पहिल्याच लांडग्याला बाण मारला, तो गवतात पडला, मी बाण परत घ्यायला गेलो आणि लांडगाच सापडेना. पाच मिनिटं गुडघाभर गवतात फिरलो. मग गेम बंद केला, आयएनआय उघडली आणि गवत काढून टाकलं.